मँगनीजच्या चाळणीला तडे का जातात: सिम्युलेशन आणि दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीज प्लांटची कंपन चाळणी वारंवार फुटते आहे. १.८ मीटर रुंद, ४.८ मीटर लांब, दोन डेक (जाळीचे मजले), २० अंश उतार, मधोमध एकच शाफ्ट, म्हणजे गोल फेक (चाळणी जागच्या जागी गोल हलते). मुळात ही खडी क्रशरवरची. तिथे काही वर्षे चालून जुन्या मालात इकडे आली. खडीची रास घनमीटरला दीड-पावणेदोन टन भरते, मँगनीजची दोनच्या बरीच पुढे जाते. त्यामुळे "माल जड, म्हणून फुटते" हे उत्तर प्लांटवर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले आहे.

तडे कायम एकाच जागी जातात: उजवी साइड प्लेट, डिस्चार्जचे (माल बाहेर पडण्याचे) टोक, दोन्ही साइड प्लेट जोडणाऱ्या शेवटच्या क्रॉस पाइपच्या फ्लँजभोवती (पाइपच्या टोकाच्या चकतीभोवती). तडा दिसला की वेल्डर तो ग्राइंडरने उघडतो, भरतो आणि वर १० मिमीची पट्टी मारतो. दोन-तीन महिन्यांनी पट्टीच्या कडेला नवा तडा. आता उजव्या प्लेटवर पट्टीवर पट्टी चढली आहे.

मालकांची मागणी सरळ आहे: "कॉम्प्युटरवर पाहून सांगा न भाऊ, कोणती प्लेट जाड करायची." नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीकडे अशा चाळण्या दुरुस्त करणारे बरेच जण आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. भूमितीसाठी फ्रीकॅड, मॉडेल बांधायला प्रेपोमॅक्स, गणिताला कॅल्क्युलिक्स. तिन्ही फुकट. लॅपटॉप १६ जीबीचा.

११ जानेवारी

ड्रॉइंग कोणाकडेच नाही. प्लांट बंद असताना टेप, प्लंब आणि अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेऊन सगळे मोजले. साइड प्लेट ८ मिमीची, पण खालच्या डेकच्या रेषेत झिजून ६.४ वर आलेली. क्रॉस पाइप सहा इंची, बाहेरचा व्यास १६८ मिमी, भिंत ७.१.

सगळ्यात कामाचे माप स्प्रिंगांचे निघाले. चारही कोपऱ्यांत तीन-तीन, एकूण १२ स्प्रिंग. एक सुटी स्प्रिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाबून पाहिली: मिलिमीटरला १७७ न्यूटन. चाळणी उभी असताना स्प्रिंगा किती दबल्या आहेत ते मोजले: फीडकडे (माल येऊन पडतो त्या टोकाला) दोन्ही बाजूंना २२ मिमी, डिस्चार्जला डावीकडे २५, उजवीकडे २७. सरासरी २४. म्हणजे हलत्या भागाचे वजन सुमारे ५.२ टन, आणि त्यातले जास्त डिस्चार्जच्या उजव्या कोपऱ्यावर. काटा किंवा क्रेन न लावता वजन मिळाले. पुढे ते तीनदा उपयोगी पडले, म्हणून हे माप कोणीही टाळू नये.

१८ जानेवारी

चालू चाळणीचे कंपन फोनने मोजले, फायफॉक्स हे ॲप वापरून. आखेन विद्यापीठात बनलेले हे ॲप फुकट आहे आणि फोनच्या ॲक्सेलरोमीटरचे कच्चे आकडे देते. फोन जुना घ्यावा; कंपनाने कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते. पत्र्याच्या छोट्या डबीत फोम न घालता फोन आवळला आणि डबी साइड प्लेटला सी-क्लॅम्पने धरली. फोम घातला की मोजमाप फोमचे होते, चाळणीचे नाही.

पहिल्या फोनच्या आलेखाचे शेंडे ३९ मी/से² च्या आसपास सपाट कापलेले आले. त्या सेन्सरची मर्यादा ४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) होती आणि चाळणी तेवढ्याच जोरात हलते. दिवसभराचे आकडे टाकून दिले. दुसरा फोन ८ जी पर्यंत मोजतो, त्यावर नीट मिळाले.

वेग मिनिटाला ९०५ फेरे, म्हणजे १५.१ हर्ट्झ. फेक ९ मिमी, त्वरण ४.१ जी. या जातीच्या चाळणीला हे साजेसे आहे. चमकावणारा आकडा आडव्या हालचालीचा होता. चाळणी शाफ्टच्या दिशेने, म्हणजे डावी-उजवीकडे, जवळपास हलायलाच नको. फीडकडे ०.६ मिमी होते ते ठीक, पण डिस्चार्जला डावीकडे २.१ आणि उजवीकडे २.६ मिमी. शाफ्टवरची वजने या दिशेला बळ देतच नाहीत, मग हे आडवे हलणे येते कुठून? मालकांना तेव्हाच सांगितले की प्लेट जाड करण्याचा प्रश्न नंतर, आधी याचा माग काढू.

२७ जानेवारी

पहिले मॉडेल फुकट गेले. फ्रीकॅडमधून सगळी चाळणी घन भाग म्हणून काढली आणि आपोआप होणारे साधे चतुष्फलक मेश (भागाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) वापरले. ८ मिमी जाडीत एकच एलिमेंट बसला. असा एलिमेंट वाकताना खूप ताठ वागतो: आडव्या डुलण्याची वारंवारता ३१ हर्ट्झ आली. तीच मेश दुसऱ्या दर्जाच्या एलिमेंटने करायला गेलो तर लॅपटॉपची मेमरी पुरेना. आठवडा गेला.

पातळ पत्र्याच्या यंत्राला शेल एलिमेंटच (पत्रा नुसती पातळी म्हणून काढायचा, जाडी आकड्याने द्यायची) हवेत. सगळी भूमिती मध्यपातळीवर नव्याने काढली: साइड प्लेट, पाइप, फ्लँज, डेकचे आडवे अँगल, फीड बॉक्स. कॅल्क्युलिक्सबद्दल एक गोष्ट माहीत असावी: तो शेलला आतल्या आत घन एलिमेंटमध्ये फुलवतो, आणि दोन शेल कोनात मिळतात तिथे ताठ गाठ बांधतो. त्यामुळे टी-जोडाजवळचा ताण शेल मॉडेलमधून वाचू नये. वारंवारता आणि हालचाल यांच्यासाठी मात्र ते पुरते.

४ फेब्रुवारी

नव्या मॉडेलने स्प्रिंगवर वर-खाली होण्याची वारंवारता ०.१ हर्ट्झ दिली. २४ मिमी दबलेल्या स्प्रिंगवरचे यंत्र ३.२ हर्ट्झने डुलायला हवे. ३.२ ला ०.१ ने भागले की ३२ च्या आसपास येते, आणि एक हजाराचे वर्गमूळ ३१.६ आहे. उत्तर असे एकतीस-बत्तीस पटींनी चुकलेले दिसले की सरळ घनता तपासावी. मिमी, न्यूटन आणि मेगापास्कल वापरताना वस्तुमान टनात धरावे लागते आणि पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात लिहावी लागते. फाइलमध्ये उणे सहावा होता.

९ फेब्रुवारी

आता शाफ्टचे फिरते बळ लावले. शाफ्टवरच्या असमतोल वजनांचा आघूर्ण (वजन गुणिले मध्यापासूनचे अंतर) २३.४ किलो-मीटर, त्यावरून ९०५ फेऱ्यांना २१० किलोन्यूटन, दोन बेअरिंगांवर निम्मे-निम्मे. स्टेडी स्टेट डायनॅमिक्सच्या (एकसारख्या चालू कंपनाच्या) स्टेपमध्ये फिरते बळ असे द्यायचे: उभे बळ रिअल भागात, माल सरकतो त्या दिशेचे इमॅजिनरी भागात, म्हणजे दोघांत पाव फेऱ्याचे अंतर पडते. त्यासाठी इनपुट फाइल हाताने लिहिली. वेगवेगळ्या वेगांवर उत्तर हवे असेल तर बळ वेगाच्या वर्गाने वाढते, तो तक्ता ॲम्प्लिट्यूडमध्ये भरावा. तो न भरता काढलेला आलेख कमी वेगाला खोटे मोठे कंपन दाखवतो.

मॉडेलची हालचाल मध्यापासून ५.६ मिमी आली, मोजलेली ४.५. आघूर्ण बरोबर असेल तर फरक वजनातच असणार. मॉडेल तोलले तर ४.१८ टन, स्प्रिंगांच्या मापाने ५.२. एक टन गायब! शोधाशोध केली तेव्हा यादी लांबत गेली: खालच्या डेकवरची पंच प्लेट (भोके पाडलेला जाड पत्रा), फीड बॉक्सचे लायनर, पुली, बेअरिंग हाउसिंग, रबराच्या पट्ट्या, शेकडो बोल्ट, आणि उजव्या प्लेटवरच्या त्या सगळ्या पट्ट्या. पट्ट्यांचेच वजन १४० किलो भरले. सगळे आपापल्या जागी घातल्यावर हालचाल ४.५ वर आली आणि चार कोपऱ्यांचे दबणेही मोजलेल्याशी जुळले.

वजन जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. रंगीत चित्र त्याआधीही सुंदरच येते.

१५ फेब्रुवारी

हा सगळ्या कामाचा गाभा, म्हणून सविस्तर.

मॉडेलच्या पहिल्या सहा वारंवारता स्प्रिंगांच्या आहेत, २ ते ५ हर्ट्झमध्ये. चाळणी बंद होताना जोरात हेलकावे खाते ते याच. सातवी १६.७ हर्ट्झला आली. तिचा आकार असा: फीडचे टोक जवळपास स्थिर, आणि डिस्चार्जकडच्या दोन्ही साइड प्लेट एकाच दिशेने आडव्या झुकतात, क्रॉस पाइप इंग्रजी एससारखे वाकतात. समोरून पाहिले तर चौकट कलून समांतरभुज चौकोन होतो. शेवटच्या पाइपच्या फ्लँजला सगळ्यात जास्त पीळ पडतो, आणि तडे तिथेच आहेत.

खात्रीसाठी प्लांटवर ठोका देऊन पाहिले. चाळणी बंद, फोन डिस्चार्जजवळ साइड प्लेटवर आडव्या दिशेने लावलेला, रबरी हातोड्याने प्लेटवर ठोका आणि ॲपमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, याचा आलेख). रिकाम्या चाळणीला १६.४ हर्ट्झ. मॉडेलशी फरक दोन टक्के. त्यानंतर प्लांट चालवून माल डेकवर असतानाच एकदम थांबवला आणि पुन्हा ठोकले: १५.७. चाळणी चालते १५.१ ला. भरलेली असताना ती स्वतःच्या डुलण्याच्या वारंवारतेला जवळजवळ खेटून चालते आहे. शाफ्ट बरोबर मध्यावर नसण्यातून, डाव्या-उजव्या वजनांतल्या फरकातून जे थोडेसे आडवे बळ निघते, तेच इथे अनेक पटींनी वाढून दिसते.

मग मॉडेलमध्ये चाळणीचा इतिहास उलटा चालवला. पट्ट्या काढल्या: १७.४. पंच प्लेट काढून खडीच्या काळातली तारेची जाळी घातली, जी सुमारे २५० किलो हलकी: १८.३. म्हणजे मूळ यंत्र चालण्याच्या वेगापासून २० टक्क्यांहून दूर होते. डॅम्पिंग (कंपन आपोआप जिरणे) सोडून हिशेब केला तर मूळ चाळणीत आडवे बळ साधारण तिप्पट होऊन दिसे, आज रिकामी असताना साडेसहा पट आणि भरलेली असताना तेरा पटींपर्यंत. खरे डॅम्पिंग धरले तर शेवटचा आकडा खाली येतो, पण कल तोच.

मँगनीज जड आहे म्हणून चाळणी फुटते, हे अर्धे खरे. त्याच्या झिजेला टिकावी म्हणून पंच प्लेट आली, तिने वारंवारता खाली ओढली. त्यातून पहिला तडा गेला, तड्यावर पट्टी चढली, पट्टीने ती आणखी खाली नेली. सगळ्यात टोकाला मारलेली पट्टी ताठपणा फारसा वाढवत नाही, वजन मात्र पूर्ण वाढवते.

मालकांना आणि वेल्डरना फोनवरचे दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी ठेवून दाखवले. सिम्युलेशनच्या चित्रापेक्षा ते लवकर पटले, कारण ठोका त्यांनी स्वतः दिला होता.

२२ फेब्रुवारी

ताणाचे काम. शेल मॉडेलमधून फ्लँजभोवतीचा तुकडा वेगळा काढला, वेल्डसकट दुसऱ्या दर्जाच्या घन चतुष्फलकांनी मेश केला आणि मोठ्या मॉडेलची हालचाल त्याच्या कडांवर लावली. रिअल भागाचे आणि इमॅजिनरी भागाचे असे दोन रन.

वेल्डच्या पायथ्याशी मेश बारीक करत गेलो तर ताण ३१, ४४, ६१ मेगापास्कल असा वाढतच गेला. टोकदार कोपऱ्यात तो कधीच थांबणार नाही. लाल ठिपक्यातला आकडा म्हणून काहीच सांगत नाही. त्याऐवजी हॉट स्पॉटची रीत वापरली: पायथ्यापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे ताण वाचायचे, पहिल्याला १.६७ ने गुणून त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करायची. ८ मिमी प्लेटला ही अंतरे ३.२ आणि ८ मिमी. भरलेल्या चाळणीत २३ आणि १८.५ मिळाले, म्हणजे २६. एकदा इकडे एकदा तिकडे, तेव्हा ताणाचा पल्ला ५२ मेगापास्कल.

५२ ऐकून मालक म्हणाले, पोलाद तर अडीचशे सोसते. हे समजावायला चक्रांचा हिशेब लागतो. चाळणी तासाला ५४,३०० चक्रे करते. वेल्डच्या थकव्याचे वर्ग ज्या २० लाख चक्रांवर ठरवलेले असतात, ती दीड-दोन दिवसांत संपतात. दहा कोटी चक्रे रोजच्या १६ तासांनी चार महिन्यांत. बळ वाहणाऱ्या फिलेट वेल्डला हॉट स्पॉट पद्धतीत ९० चा वर्ग (२० लाख चक्रांना ९० मेगापास्कल) धरतात. युरोकोड या युरोपीय मानकाच्या वक्रानुसार त्याची दहा कोटी चक्रांची मर्यादा ३६ मेगापास्कल. ५२ ला तोच वक्र सुमारे तीनशे तास देतो. वक्र सुरक्षिततेच्या बाजूने काढलेला असतो आणि चाळणी सतत भरलेली नसते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन महिने निघतात. आमचे लक्ष्य ठरले: ३६ च्या खूप खाली.

२८ फेब्रुवारी

मॉडेलमध्ये उपाय तपासले.

साइड प्लेट ८ ची १२ केली: दोन्ही मिळून पावणेचारशे किलो वाढले आणि वारंवारता १६.७ वरून जेमतेम १७.० झाली. मुळात मालकांना हेच हवे होते. मोठा खर्च होऊन तडे चालूच राहिले असते.

पुली बदलून वेग ८२० फेऱ्यांवर आणणे सगळ्यात स्वस्त. त्वरण मात्र ४.१ वरून ३.४ जीवर येते आणि ओला बारीक माल भोकांत अडकू लागतो. तात्पुरते म्हणून लगेच केले. दुसऱ्याच दिवशी डिस्चार्जची आडवी हालचाल निम्म्याच्या खाली आली, मालही घटला. पण मॉडेल खरे बोलते आहे याचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा होता.

कायमचा उपाय तीन गोष्टींचा: पट्ट्यांनी भरलेली उजवी प्लेट काढून त्याच ८ मिमीची नवी, पंच प्लेटऐवजी पॉलियुरेथेनचे पॅनेल, जे सुमारे २३० किलोंनी हलके, आणि डिस्चार्जला खालच्या डेकखाली एक जादा क्रॉस पाइप, दोन्ही टोकांना रुंद फ्लँज. पाइप वजन वाढवतो, पण चौकट कलू देत नाही. मॉडेल: रिकामी २०.९, भरलेली १९.६ हर्ट्झ. ताणाचा पल्ला २२.

१७ मार्च

होळीला वेल्डर गावी गेले, तेवढे दिवस काम थांबले. नवा पाइप तयार होऊन आला तेव्हा दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर नव्हत्या, कडेला अडीच मिमीचा फरक. वेल्डच्या उष्णतेने ओढल्या गेल्या. बोल्ट आवळून हा फरक "बसवता" येतो असा आग्रह झाला, मी नाही म्हटले. तसे केले तर प्लेटमध्ये कायमचा ताण भरून राहतो आणि मॉडेलमध्ये तो कुठेच नाही. क्रम असा हवा होता: वेल्डिंग, मग भट्टीत ताणमुक्ती, मग लेथवर फ्लँजची तोंडे घासणे. भट्टीच्या आधीच मशिनिंग उरकले होते, ते परत करावे लागले आणि फ्लँजची जाडी २० ची १७ राहिली. पुढच्या वेळी २५ ची घ्यावी.

साइड प्लेटवर एकही वेल्ड नाही, हा नियम पाळला. भोके गॅसने न कापता ड्रिल केली, कडा घासल्या, जोड हक बोल्टने (आट्यांनी न आवळता ओढून बसवायचे बोल्ट). कंपनात ते सैल होत नाहीत. त्यांचे ओढण्याचे हत्यार भाड्याने आणले.

खर्च अंदाजे: प्लेट कापून, भोके पाडून साठ हजार, पाइप आणि फ्लँज पस्तीस, भट्टी बारा, हक बोल्ट आणि हत्याराचे भाडे चाळीस, पॅनेल सव्वा लाख. सगळे मिळून पावणेतीन लाखांच्या आत-बाहेर.

३ एप्रिल

जोडणी झाली. उजव्या डिस्चार्ज कोपऱ्यातली बसलेली स्प्रिंग बदलली. रिकाम्या चाळणीचा ठोका १९.९, मॉडेल म्हणाले होते २०.९. फरकाचे कारण मला फ्लँजच्या जोडात दिसते: मॉडेलमध्ये ती प्लेटला पूर्ण चिकटलेली आहे, प्रत्यक्षात फक्त बोल्टभोवतीची जागा घट्ट धरते. मॉडेलमध्ये तेवढ्याच वर्तुळात जोड दिला तर २०.१ येते. पुढच्या कामात सुरुवातीपासून तसाच धरेन. भरलेल्या चाळणीचा ठोका १८.८, म्हणजे चालण्याच्या वेगापासून जवळपास २५ टक्के दूर.

जुनी पुली परत लावून ९०५ वर चालवली. आडवी हालचाल डावीकडे ०.६, उजवीकडे ०.७ मिमी. कॉलेजच्या मंडळींनी फ्लँजजवळ, वेल्डपासून ८ मिमीवर स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) चिकटवून दिला: पल्ला १९ मेगापास्कल, त्याच जागी मॉडेलचा १६. वर सांगितलेला जोडाचा बदल केल्यावर १८.

२४ मे

पावसाच्या आधीची तपासणी. आतापर्यंत चार कोटींच्या वर चक्रे झाली असतील. फ्लँजभोवती आणि जुन्या डाव्या प्लेटवर लाल रंगाची डाय पेनिट्रंट तपासणी केली, तडा नाही. डाव्या प्लेटवर झिजेची जागा ६.२ झाली आहे. ६ ला बदलायची असे ठरले. फीडखालचे दोन पॅनेल अपेक्षेपेक्षा लवकर झिजले, मँगनीजचा मोठा खडा थेट तिथे पडतो. फीड बॉक्सचा ओठ लांबवून पाहतो आहोत.

प्लांटवाल्यांना डिस्चार्जच्या ओठावर रबर लावायचे आहे, सुमारे ४० किलो. मॉडेलमध्ये घालून पाहिले: भरलेल्या चाळणीला १८.८ ची १८.५ होते. लावायला हरकत नाही म्हणून कळवले. लावून झाले की त्यांचा फिटर ठोका देऊन स्पेक्ट्रमचे चित्र पाठवणार आहे. डबी आणि जुना फोन आता तिथेच ठेवला आहे.